साखळी धरा रे

रुचिराच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिची आई मृणालिनीबाई नुकत्याच कुठे टेकल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेकीला बोरिवलीला न्यायला आल्या होत्या. डोंगर चढून लागलेली धाप अजून ओसरायची होती. चहाचा कप हातात घेतला न घेतला तोच रुचिरा भिंतीला धरून खाली बसली.

नलिनीने सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला कळलं, आता बोरिवली नाही. खालचं हॉस्पिटल गाठायचं, तेही लगेच. तिने मरोळला कामावर असलेल्या मुलाला फोन केला. सुशांत, घरी येऊ नकोस, सरळ हॉस्पिटलात जा. शेजारच्या प्रीतमने अँब्युलन्स बोलावली. पण अँब्युलन्स येऊन थांबणार खाली, रस्त्यावर. स्ट्रेचर या गल्लीत वळत नाही.

"आता ही उतरणार कशी?" मृणालिनीबाई म्हणाल्या. "दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं, अशी ही गल्ली. माणसांनीच माणसांना जागा ठेवली नाही, नलिनीताई."

नलिनीने दाराबाहेर पाहिलं. खोटं काय होतं त्यात? ती लग्न होऊन घाटकोपरच्या या डोंगरावर आली तेव्हा इथे गल्ली नव्हती, पायवाट होती, आणि दोन्हीकडे कमरेएवढं गवत. मग घरोघर मुलं मोठी झाली, सुना आल्या. घरं ओट्यावर आली, ओटे वाटेवर आले, आणि वाटही संपली तेव्हा घरं वर चढली.

ती उंबऱ्यात गेली आणि तिने हाक घातली, "साखळी धरा रे!"

या गल्लीत कपाट असंच येतं. फ्रीज येतो, पाण्याची टाकी येते, गणपतीही असाच येतो. प्रत्येकाने आपापल्या दारात उभं राहायचं, जागा सोडायची नाही. वस्तू पुढे जाते, माणूस नाही. आणि पुढच्याने "घेतलं" म्हटल्याशिवाय मागच्याने हात काढायचा नाही.

प्रीतमने घरातली लोखंडी खुर्ची आणली. नलिनीने आपली जुनी सुती साडी सुनेभोवती गुंडाळून तिला खुर्चीला सैलसर बांधलं.

"माझी मुलगी म्हणजे काय कपाट आहे?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"कपाटालासुद्धा आम्ही ओरखडा पडू देत नाही, विहीणबाई."

खुर्ची उचलली गेली. पहिल्या दारातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. कुणाचे हात पिठाचे, कुणाच्या गालाला दाढीचा साबण, रात्रपाळी करून झोपलेला कुणी बनियनवरच उठून आलेला. घेतलं. घेतलं. घेतलं. रुचिरा डोळे मिटून पहिल्या दारातल्या शेवंतीचा, मग पुढचीचा, मग त्याच्याही पुढचीचा हात दाबत होती, आणि ज्या बाईचा हात दाबला जाई ती म्हणे, दाब गं, लागत नाही. दोघी विहिणी मागून चालत होत्या.

वळणावर साखळी थांबली.

तिथे राहणाऱ्या धोंडिरामने मुलाचं लग्न झालं तेव्हा वर खोली काढली होती आणि तिची लोखंडी शिडी थेट गल्लीत उतरवली होती. त्यावरून नलिनीने त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं, आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं नव्हतं. शिडीखालून एकटं माणूस जेमतेम वाकून जाई. खुर्ची जाणं शक्य नव्हतं. रुचिराला कळ आली आणि ती पहिल्यांदाच ओरडली. मृणालिनीबाईंनी नलिनीचं मनगट घट्ट धरलं.

धोंडिराम शिडीच्या मधल्या पायरीवर येऊन उभा राहिला.

"वयनी, भिया नको," तो नलिनीला म्हणाला. "शिडी माझी आसा. तिच्यावरसून कसा न्हेवचा, ता मी बघतंय."

त्याने वर तोंड करून हाक मारली. वरच्या खोल्यांची दारं उघडली. सुना बाहेर आल्या, नातवंडं मागे ढकलली गेली, मुलगे कठड्याला पोट टेकून खाली वाकले. खालच्यांनी खुर्ची डोक्याच्या वर उचलली. वरच्या हातांनी ती पाठीकडून धरली, धोंडिरामने खांद्यावर तोलली, आणि पोटुशी रुचिरा गल्लीच्या वरून, शिडी ओलांडून, सावकाश पलीकडच्या हातांत उतरली. इतकी घरं वर चढली नसती, तर तिथे हात कुणाचे असते? नलिनीच्या मनात आलं. पलीकडून आवाज आला, "घेतलं!"

पुढचा उतार सोपा होता. दोघी खाली पोचल्या तेव्हा रुचिरा अँब्युलन्समध्ये आडवी झाली होती आणि साखळीतली शेवटची बाई तिला पाणी पाजत होती.

"पेशंटचं कोण?" ड्रायव्हरने विचारलं. "एकालाच बसता येईल."

नलिनीने विहिणीला पुढे केलं. मृणालिनीबाईंनी पायरीवर पाय ठेवला, आणि मागे वळून वर पाहिलं. डोंगरभर दारादारांत माणसं होती. शिडीवर, कठड्यांवर, पत्र्यांच्या कडेला माणसं होती. कुणीही अजून आत गेलं नव्हतं.

"आमची खूप माणसं आहेत," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "त्यांच्यातर्फे मी बसते."