मागचं चाक

पाहुणे निघाले तेव्हा शलाकाने मनात नकार पक्का केला होता. मुलगी पाहायला आलेला निनाद गप्पच होता. तासभर बोलले ते त्याचे वडील.

अंगणात त्यांच्या गाडीचं मागचं चाक बसलेलं दिसलं. शलाकाने आतून आपला चार्जिंगचा छोटा पंप आणला आणि पदर खोचला.

"मुलींचं काम आहे का ते? निनाद, तू भर हवा!" वडील कडाडले.

"मला येत नाही, बाबा," निनाद सगळ्यांदेखत म्हणाला आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला. "शिकवाल?"

तिने नळी त्याच्या हातात दिली. पंप घरघरला, चाक हळूहळू वर आलं, तसा त्याचा चेहरा खुलला.

"चला आता," वडील म्हणाले.

"थांबा, बाबा. अजून तीन चाकं तपासायची आहेत."

"चार!" शलाकाच्या तोंडून निघून गेलं. "स्टेपनी राहिली ना!"