घरची दाढी

नर्सने सुई बाहेर काढली, तसं चाळिशीला टेकलेल्या मुलानं बापाच्या खांद्यात तोंड लपवलं.

"शाळेत लस टोचायला आले की हा संडासात दडून बसायचा," म्हातारा न्हावी तिला हसत म्हणाला. "अजून तस्साच आहे."

चार दिवसांनी रिपोर्ट आला. हेपटायटीस सी.

"विषाणू गोळ्यांनी मरेल, पण लिव्हर पार संपलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार वर्षं अंगात असणार. हा रक्तातून येतो. कधी रक्त चढवलं होतं?"

"नाही."

"बाहेर कुठे दाढी करायचा?"

"बाहेर?" बापाचा आवाज चढला. "मिसरूड फुटल्यापासून याच्या गालाला दुसऱ्या न्हाव्याचा हात लागू दिलेला नाही मी! दुकान बंद करायच्या आधी शेवटची दाढी याचीच."

"दरवेळी नवं पातं?"

"म्हणजे काय! प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं पा..." तो बोलता बोलता थांबला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पण हा कुठे गिऱ्हाईक होता? हा तर घरचा. आधीच्या माणसाचं पातं वस्तऱ्यात असायचंच..."

इतकी वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलेले आपले हात तो उलटेसुलटे करून बघायला लागला. मुलानं ते आपल्या हातांत घट्ट धरले.

"बाबांना माहीत नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "कॉलेजात असताना मी सुई टोचून नशा करायचो."