दोन दिवसांची भाजी

"मेथी, चुका, पालक, कोथिंबीर. आणि कांदे कुठायत?" पिशवीत कोपरापर्यंत हात घालून इंदुताई पुटपुटल्या.

मागे उभ्या असलेल्या कुमुदने आपली पिशवी चाचपली. तिच्यातही नुसता पाला होता. त्या एवढ्याशा बेटावर भाजीची बोट दर पंधरा दिवसांनी यायची, खलाशाविना. पुढच्या फेरीपर्यंत कोणाच्या घरी काय आणि किती लागेल, ते आधीच ओळखून नावानिशी पिशव्या भरून आणायची. नऊ वर्षांत तिचा अंदाज चुकला नव्हता. घरात पाळणा हलणार हेसुद्धा सुनेने सांगायच्या आधी कुमुदला पिशवीतल्या आवळ्यांवरूनच कळलं होतं.

"हे सगळं परवापर्यंत सडेल," इंदुताई म्हणाल्या. "मग तेरा दिवस काय वाळू फोडणीला टाकू?"

"यंत्र बिघडलं असेल," रांगेतून कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी घाईघाईने माना डोलावल्या.

कुमुदही डोलावणार होती. पण तिला राहवेना. धक्क्यावर फिरून तिने एकेकीच्या पिशवीत डोकावून पाहिलं. कुठेच बटाटा नव्हता, सुरण नव्हता, लसणाची पाकळी नव्हती. भरतीचं पाणी आता रोज अंगणात शिरायचं, घरोघरी कपाटं विटांवर चढली होती, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. तिनेही मागच्याच आठवड्यात परसात शेवग्याची फांदी रोवली होती.

"पुढच्या फेरीला कांदे दुप्पट मागू," इंदुताई म्हणाल्या.

"पुढची फेरी नाहीये, इंदुताई," कुमुद म्हणाली. "परवा आपल्याला हे बेट सोडावं लागणार आहे."