शाळेच्या बॉयलरसाठी

मॅलकीने हात वर केला तेव्हा ऑनोराला आधी वाटलं, नवरा डोकं खाजवतोय.

"सहा पौंड! मॅलकी सहा पौंड!" टॅन्सी मास्तर ओरडले. ते शाळेचे हेडमास्तर. लिलाव पुकारायचं काम दरवर्षी त्यांच्याकडेच असे, कारण पोरांवर ओरडून ओरडून आवाज तयार झालेला.

चर्चच्या हॉलात कुजबुज सुरू झाली. टेबलावर होता डिम्प्नाचा केक, काळ्या बिअरमध्ये भिजवलेल्या मनुकांचा. डिम्प्ना पोस्टाशेजारी राहायची. तिचा नवरा जाऊन सात वर्षं झाली होती.

दर नोव्हेंबरात हा केकचा लिलाव व्हायचा. कधी शाळेच्या छपरासाठी, कधी संडासांसाठी, यंदा वर्ग गरम ठेवणाऱ्या बॉयलरसाठी. शाळेत काही ना काही मोडलेलं असायचंच. आणि ज्याच्या बायकोचा केक त्यानेच तो सोडवून न्यायचा, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. गंमत म्हणून दोनचार पौंड भाव चढवायला हरकत नसे, पण दुसऱ्याच्या बायकोचा केक कुणी घरी नेत नसे. विधवांचे आणि बिनलग्नाच्या बायकांचे केक फादर लॅव्हिन घ्यायचे. कुणीच काही बोललं नाही की ते हळूच हात वर करायचे. पाच पौंड. मग नाताळापर्यंत त्यांच्या घरी पाहुण्यांपुढे दुसरं काही येत नसे.

आजही फादरांचे पाच बोलून झाले होते. विषय तिथेच मिटायचा, तर हे ध्यान सहा म्हणत होतं.

"काय चाललंय तुझं?" ऑनोराने दबक्या आवाजात विचारलं.

"बॉयलरसाठी गं."

बॉयलरसाठी म्हणे! गेल्याच महिन्यात त्याने डिम्प्नाच्या घराची पन्हळ नीट करून दिली होती. दोन तास लागले होते. पन्हळीला कुठे दोन तास लागतात? डिम्प्ना दोन रांगा पुढे बसली होती, गॉलवे शहरातून आणलेला निळा कोट घालून. तिची मान लाल झाली होती. मान लाल झाली की ती आणखीच देखणी दिसायची, तेही ऑनोराच्या डोळ्यांत खुपलं.

"आठ!" ऑनोरा म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. बायकांनी केक करायचे आणि बोली पुरुषांनी लावायची, असंच आजवर चालत आलं होतं.

"अगं, वेड लागलं का तुला? पैसे एकाच घरातून जाणार."

"मग तू गप्प बस."

"तिचा केक बिचारीचा दरवर्षी पाचावरच जातो, म्हणून म्हटलं—"

"तिचं काय कितीवर जातं, बरं पाठ असतं तुला!"

मॅलकीचे कान तापले. "दहा!" तो अख्ख्या हॉलाला ऐकू जाईल असं म्हणाला.

पुढे बॉयलर कुणाच्याच डोक्यात राहिला नाही. बारा झाले, पंधरा झाले, अठरा झाले. मागच्या बाकांवर लोक पाय आपटायला लागले. "मॅलकी, सोडू नकोस रे!" "ऑनोरा, गाय विकावी लागली तरी हटू नकोस!" फादर लॅव्हिन छताकडे बघत होते. देवाचे आभार मानावेत की क्षमा मागावी, हे त्यांचं ठरत नसावं.

"पंचवीस!" ऑनोरा उभीच राहिली.

मॅलकीने टोपी डोक्यावर चढवली. "घे. आणि बस खात एकटी," असं म्हणून तो दार आपटून बाहेर गेला.

ऑनोराने पर्स उघडली. हिवाळ्याच्या कोळशाचे पैसे होते ते. शाळेत ऊब येणार होती, घरातलं काही खरं नव्हतं. केक तिच्या मांडीवर येऊन बसला. एकदा डिम्प्नाने मागे वळून बघावं, एवढीच तिची इच्छा होती. डिम्प्नाने बघितलं नाही.

"आता आपल्या ऑनोराचा केक!" मास्तर म्हणाले आणि सवयीने त्यांनी तिच्या शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

कुणी बोलेना. मॅलकीच्या बायकोचा केक कोण मागणार? पुरुष बुटांकडे बघू लागले. आपल्याच केकवर आपणच बोली लावायची सोय नव्हती. ऑनोरा दाराकडे बघत राहिली. आता येईल, आता येईल. दार काही उघडलं नाही.

"चला, कोण म्हणतंय?" मास्तरांचा आवाजही उतरला होता.

पहिल्या रांगेत एक काळी बाही हलली. फादरांचा हात हळूहळू वर यायला लागला. धडधाकट नवरा असताना! ऑनोराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सहा पौंड," डिम्प्ना म्हणाली.

फादरांचा हात खाली गेला. मास्तरांनी एरवी तीनदा पुकारलं असतं, आज एकदाच पुकारून हातोडा आपटला.

डिम्प्ना केक घेऊन मागे आली आणि मॅलकीच्या खुर्चीत बसली. दोघींच्या मांडीवर एकमेकींचे केक. ऑनोराने समोरच बघत म्हटलं, "तुझी दया नको होती मला."

"फादरांचा हात पुरता वर जायच्या आत बोलले, इतकंच," डिम्प्ना हळू आवाजात म्हणाली. "माझ्यासाठी सात वर्षं वर जातोय तो. सवय होत नाही गं."