कालव्यापलीकडचं लव्हाळं

मस्नियाची होडी वळणावरून बाहेर आली, तर समोरच आर्बायाकाकीची होडी. ताडपत्री ओढायलाही वेळ मिळाला नाही. होडीभर ताजं लव्हाळं होतं. माणसाहून उंच, गोल, बिनपानांचे राखी-हिरवे दांडे, आणि शेंड्याच्या जरा खाली बोटाच्या पेराएवढं तपकिरी कणीस.

कोरड्या दिवसांतल्या वणव्यात गावाकडची सगळी दलदल जळाली होती. कालव्यापलीकडे काय उरलंय ते बघायला मस्नियाच गेली होती, आणि "नुसती राख आहे," असं तिनंच येऊन बायकांना सांगितलं होतं. घरोघरचं लव्हाळ्याच्या चटया विणणं बंद पडलं. काकी पामच्या मळ्यात खत टाकायला जाऊ लागली.

"कुठून गं?" काकीनं विचारलं.

"मार्तापुराच्या बाजारातून."

दांड्यांच्या बुडांतून दलदलीचं काळं पाणी अजून ठिबकत होतं. काकीनं ते पाहिलं. खतानं भेगाळलेला हात लव्हाळ्यावरून एकदा फिरवला आणि वल्हं उचलून होडी तिच्यामागे वळवली.

धक्क्यावर बायका कपडे धूत होत्या. नोर्सेहान उठून उभीच राहिली. "अगं बाई! राखेतनं उगवलं की काय हे?"

बायका हसल्या. मस्नियानं ताडपत्रीला हात घातला.

"बाजारातलं आहे," मागून काकी म्हणाली. "मला माहीत आहे. आधी तिला उतरू तर द्या."

मस्निया उतरली नाही. काकी गुडघाभर पाण्यात उभी राहून आपली होडी बांधत होती. तिनं मस्नियाकडे बघितलंही नव्हतं.

"बाजारातलं नाहीये," मस्निया म्हणाली. आवाज इतका बारीक, की पुन्हा म्हणावं लागलं. "कालव्यापलीकडचं आहे. तिकडं जळलंच नाही. नजर पोचेल तिथवर उभं आहे."

हसणं थांबलं. नोर्सेहानच्या हातातला पिळलेला कपडा पुन्हा पाण्यात पडला. मग एकेक जण घरात गेली आणि विळा घेऊन आली. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

काकीनं बांधलेली दोरी सोडली.

"ये, पुढे बस," ती म्हणाली. "वाट तुलाच ठाऊक."

मस्निया काकीच्या होडीत पुढे बसली. मागे एकामागोमाग होड्या लागल्या. वल्ह्यांचा आवाज तेवढा येत होता, आणि मागच्या सगळ्यांच्या नजरा तिच्या पाठीवर होत्या. भर उन्हात मस्नियानं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पाठीवर पसरून घेतला.