दोन पेट्यांमधली नळी

"बाराच्या आत संमतीपत्र गेलं नाही, तर आईची जागा दुसऱ्याला जाईल," दादा फोनवर म्हणाला. "कागदावर तुझं नाव आहे, माझं नाही. तू आकड्यांतली माणूस. काढ काय तो आकडा आणि सही करून मोकळी हो."

"काढतेय रे. पण पहिले तीन महिने भेटायलासुद्धा जायचं नाही, हा कसला नियम?"

"माणसं रुळावीत म्हणून. तू पहिल्यांदा शाळेत गेलीस तेव्हा आई दाराशी उभी राहिली असती, तर वर्गात बसली असतीस का?"

तिला हसू आलं. दादाकडे प्रत्येक गोष्टीला शाळेचा दाखला असायचा.

वृद्धांच्या रुग्णालयाची इमारत धोकादायक ठरली होती. गेले अकरा आठवडे तिथली माणसं गाड्यांनी डोंगरापलीकडच्या नव्या विसावा केंद्रात पाठवली जात होती. केंद्रात खाटा एकशे ऐंशी. त्या पुरतील का, हे संगणकावर मांडून दाखवायचं काम खात्यानं तिला दिलं होतं. आणि त्याच रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर, तिची आई होती. दाटीवाटीत, जमिनीवरच्या गादीवर आईला टाकायचं नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

काम तसं हातखंडा. एका ठिकाणी साठलेली माणसं म्हणजे पडद्यावर एक पेटी. रुग्णालयाची एक, केंद्राची एक. माणसं एकीतून दुसरीत जातात, म्हणून मध्ये नळी. पहिल्या पेटीवर बोट दाबायचं, ओढत न्यायचं, दुसऱ्या पेटीवर सोडायचं. मग घरून थेट केंद्रात येणाऱ्यांची दुसरी नळी आणि जग सोडून जाणाऱ्यांची तिसरी. नळ्यांवर नोंदवहीतले आकडे भरायचे आणि आठवडे पळवायचे.

तिनं पळवले. अकराव्या आठवड्याला केंद्राची पेटी म्हणाली, एक्केचाळीस.

एकशे ऐंशी खाटा, एक्केचाळीस माणसं! तिच्या छातीवरचा दगड उतरला. शेवटी सगळ्या पेट्यांची बेरीज ताडून पाहायची, हा तिचा इतक्या वर्षांचा नेम. आज नेम मोडला. मनासारखं उत्तर आलं की माणूस गणित पुन्हा तपासत नाही.

सही करून तिनं संमतीपत्र पाठवलं आणि आईला फोन लावला.

"आई, तिथं ऐसपैस जागा आहे गं. मी स्वतः पाहिलंय गणित करून."

"तू पाहिलंस ना, मग झालं. लहानपणी चुकायचीस, पण तेव्हा तपासायला मी होते." आई खोकली. "माझी शाल मात्र राहिली तुझ्याकडे."

"तीन महिन्यांनी घेऊन येते."

दुपारी दोनला शेजारच्या टेबलावरचे काका तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. निवृत्तीला आलेला माणूस. पण दुसऱ्याच्या अहवालातली ऊ शोधायची खोड, म्हणून सगळं ऑफिस त्यांना भिंगकाका म्हणायचं.

"बाई, घरून थेट आलेले किती?"

"चव्वेचाळीस."

"वारले?"

"तीन."

"म्हणजे एक्केचाळीस. आणि रुग्णालयातून पाठवलेले दोनशे शहाऐंशी? ते काय वाटेत उतरले?"

काकांनी केंद्राची पेटी जराशी बाजूला सरकवली. रुग्णालयाकडून आलेली नळी तिच्याबरोबर हलली नाही. नळीच्या टोकाशी, इतका वेळ पेटीच्या कडेखाली लपलेला एक चिमुकला ढग होता. नळी पेटीपासून केसभर अलीकडे सोडली, की संगणक तिथं आपणहून ढग काढतो. ढग म्हणजे मोजणीबाहेरचं जग. तिथं जे जातं, ते कुठल्याच पेटीत दिसत नाही.

"नवशिक्याची चूक," काका म्हणाले. "दोनशे शहाऐंशी म्हातारी माणसं ढगात पाठवलीस की गं."

तिनं नळी उचलून पेटीच्या बरोबर मध्यावर सोडली. ढग गेला. आठवडे पुन्हा पळाले. तीनशे सत्तावीस.

एकशे ऐंशी खाटांवर तीनशे सत्तावीस!

तिनं रुग्णालयात फोन लावला. तिसऱ्या मजल्यावरची नर्स म्हणाली, "आजींची गाडी एकलाच सुटली की. पुढचीच जागा मिळाली. हात हलवत होत्या."

"गाडी परत बोलवता येईल?"

"ते आमच्या हातात नाही हो. गाड्या बाहेरच्या असतात."

केंद्राच्या ऑफिसचा फोन नेहमीसारखा वाजत राहिला. कोणी उचलेना.

"स्वयंपाकघरात लाव," काका म्हणाले. "साहेब उचलणार नाहीत, स्वयंपाकीण उचलेल."

दुसऱ्याच घंटेला एका बाईचा आवाज आला. मागे भांड्यांचा खणखणाट.

"माझी आई आज तुमच्याकडे येतेय," ती एका दमात म्हणाली. "खाटा कमी पडतायत हे मला कळलंय, तक्रार नाही करत मी. फक्त जमिनीवर झोपवू नका तिला, कंबर दुखते तिची. कोपऱ्यात का होईना, पण एक खाट द्या. तेवढं कराल ना?"

पलीकडची बाई हसली. मायेनं हसली.

"जमिनीवर कशाला गं ताई? कोणी सांगितलं तुला असलं? पहिल्या दिवसापासून मीच वाढते इथं. आजसुद्धा एक्केचाळीस ताटं लागली. अख्खा वरचा मजला झाडून-पुसून ठेवलाय, खाटांवरच्या चादरींची घडीसुद्धा मोडली नाही. त्या रुग्णालयाची गाडी तर अजून एकही आली नाही. येऊ दे की कोणीतरी."