जोंगबेच्या मुलाचा वाटा

पूल ओलांडला आणि म्हातारा गिल्दो डोंगराच्या पहिल्या पायरीवर टेकला. दोन्ही गुडघे चोळत म्हणाला, “आज जागा दाखवतो तुला. काठी घे ती.”

बोंगसूने बापाची काठी घेतली. चढ अजून सुरूही झाला नव्हता आणि त्याला घाम फुटला होता.

सोंगी अळंबीची जागा म्हणजे काय, हे त्या नदीकाठच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाईनच्या मुळांशी, डोंगराच्या एखाद्याच कुशीत ती उगवते आणि सोन्याच्या भावाने विकली जाते. ज्याला जागा सापडते तो ती पोटच्या मुलालाही सांगत नाही. सांगायची ती एकदाच, पाय थकून डोंगर सुटतो तेव्हा. गिल्दोचा डोंगर आता सुटत होता.

आणि बोंगसू गेली सहा वर्षं त्याच जागेवरून चोरून अळंबी नेत होता.

बुसानमधली खानावळ बुडाल्यावर तो बायकोला घेऊन घरी परतला. डोंगरवाटा सांभाळायचं काम मिळालं. नदीपासून माथ्यापर्यंत आणि तिथून समुद्रकड्याने बंदरापर्यंत पायऱ्या नीट ठेवायच्या, झाडांना केशरी फिती बांधायच्या, म्हणजे शहरातून येणारी मंडळी चुकत नाहीत. फिती बांधता बांधता एकदा ओल्या मातीत बापाच्या बुटांचे ठसे दिसले. तेवढं पुरलं. दर शरदात तो बापाच्या आधी जायचा आणि नेलेली अळंबी लांबच्या बाजारात विकायचा. मागून म्हातारा अर्धी टोपली घेऊन घरी यायचा आणि म्हणायचा, “नजर गेली रे माझी.” ते ऐकून बोंगसू भात अर्धाच टाकून उठायचा. तरी पुढच्या वर्षी तो जायचाच. लाज माणसाला जेवू देत नाही, पण थांबवतेच असं नाही.

आज मात्र त्याने ठरवलं होतं. जागेवर पोचायच्या आत सांगून टाकायचं. बायकोलाही यातलं काही माहीत नव्हतं. सकाळी डबा भरताना ती हसून म्हणाली होती, “मामंजी जागा दाखवणार? मग आज सूर्य पश्चिमेलाच उगवला असणार.”

वाटेत रंगीबेरंगी जाकिटं घातलेल्या पाच-सहा बायका भेटल्या. एकीने म्हाताऱ्याच्या हातात सोललेली काकडी ठेवली.

“आजोबा, या वयात माथ्यावर? आमचे हे तर सोफ्यावरून उठत नाहीत.”

“बसू द्या त्यांना तिथंच. वाटेवरची गर्दी तेवढी कमी.” बायका हसल्या. म्हातारा पुढे म्हणाला, “या फिती दिसतात ना? माझ्या मुलाने बांधल्यात. याच्या भरवशावर चालणारा माणूस कधी फसला नाही.”

बोंगसूने मान खाली घातली. बायकांना वाटलं, लाजला.

माथ्याच्या अलीकडे म्हातारा मळलेली वाट सोडून झाडीत शिरला. थोडं चालून थांबला. “तू हो पुढे. तुझ्या पावलावर पाऊल टाकलं की गुडघे कमी दुखतात. डावं-उजवं मी सांगतो.”

एकदा डावं म्हणाला, एकदा उजवं. मग बोलेनासा झाला. बोंगसू मनातल्या मनात शब्द जुळवत होता. बाबा, एक सांगायचंय. बाबा, रागवू नका. नाही, रागवा, पण ऐका. असं घोकत तो दुभंगलेल्या खडकापाशी वळला, ओहोळ ओलांडला, आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की मघापासून आपल्याला कुणी काही सांगितलेलंच नाही. तो जागीच थिजला.

“इकडूनच ना, बाबा?”

“हं. चाललायस ते बरोबर.”

जागा आली. पाईनखाली बसलं की खाली निळा समुद्र दिसायचा. म्हाताऱ्याने वाळक्या काड्यांचा थर हाताने बाजूला केला. दोनच अळंब्या होत्या, त्याही कोवळ्या. त्याने त्या तशाच झाकल्या.

“बाबा,” बोंगसू म्हणाला, “मला एक—”

“आधी माझं ऐक. ही जागा माझी नाही.”

बोंगसू खाली बसला.

“जोंगबेची आहे. माझा जिवाभावाचा दोस्त. पंचविशीत मी लपून त्याच्या मागे आलो. मग दरवर्षी त्याच्या आधी. तीन वर्षं तो रिकाम्या हाताने उतरला आणि शेवटी पोटासाठी मासेमारीच्या बोटीवर गेला. ती बोट बुडाली. बायको तान्हं पोर घेऊन माहेरी गेली, बंदराच्या शहरात. मी त्याच्या नावाने रडलो, आणि त्या शरदातही इथं आलो. एवढा निर्लज्ज तुझा बाप.”

बोंगसू झाकलेल्या अळंब्यांवरच्या काड्या उगाच नीट करत राहिला.

“गेली सहा वर्षं कुणीतरी माझ्या आधी येऊन जातं,” म्हातारा म्हणाला. “नजर गेली म्हणायचो, पण नजर चांगली आहे माझी. मी कधी पाळत ठेवली नाही. वाटलं, जोंगबे बायकोला जागा सांगून गेला असेल, त्याचं पोर येत असेल. बापाचं मुलाला मिळतंय. सहा वर्षं शांत झोपलो रे.”

आता सांगायचं म्हणजे म्हाताऱ्याची झोप हिरावून घ्यायची. गप्प राहणं हीच दया आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. आपण सुटलो असं त्याला वाटलं, आणि सुटल्याचीच अधिक लाज वाटली.

“तोच असणार, बाबा,” तो म्हणाला. “दुसरं कोण येणार इथं?”

म्हाताऱ्याने हात पुढे करून आपली काठी परत घेतली.

“काल बसने गेलो होतो जोंगबेच्या पोराकडे. जमिनीला डोकं टेकून माफी मागितली,” तो म्हणाला. “लहानपणीच पाय गेलेत त्याचे. चाकांच्या खुर्चीत बसूनच त्याने मला उठवलं.”